"आईला आम्ही इकडची काडी तिकडे करू देत नाही"

पेशंट: स्त्री, वय 74. मधुमेह बारा-तेरा वर्षांपासून, रक्तदाब त्याच्याही आधीपासून, दोन्ही गुडघ्यांत झीज. वजन 52 किलो. शुद्ध शाकाहारी. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. राहणं नाशिकला इंदिरानगरात, मुलगा, सून आणि सहावीतल्या नातवासोबत, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. तक्रार: रात्री बाथरूमला जाताना पडल्या, हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून चालायला धजत नाहीत.

फॅमिली डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलेल्या चिठ्ठीत एवढंच होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरी जाऊन उपचार करते, आणि माझे बरेचसे पेशंट सत्तरीपुढचेच असतात. अशा चिठ्ठ्या नव्या नाहीत. तरी हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण या बाईंची हेळसांड कुणीच केली नव्हती. घरातल्या प्रत्येकाने त्यांना जपलं होतं, आणि त्या जपण्यातच त्यांच्या पायांतलं बळ गेलं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना काकू म्हणते, इथेही तेच म्हणेन.)

मुलाने फोनवर सांगितलेली अपेक्षा मी वहीत जशीच्या तशी उतरवून ठेवली: "बसल्या बसल्या करता येतील असे सोपे व्यायाम दाखवा मॅडम. आईला दगदग नको. आम्ही तिला इकडची काडी तिकडे करू देत नाही." हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता. आणि त्याचं चुकत होतं असं त्याला कोण सांगणार? आपल्याकडे चांगल्या मुलाची व्याख्याच ती आहे.

वाड्यातला दिवस, फ्लॅटमधला दिवस

तपासायला हात लावण्याआधी मी एक प्रश्न हमखास विचारते. सकाळी उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत काय काय करता, आणि पूर्वी काय करायचात? काकूंनी आजचा दिवस दोन वाक्यांत संपवला. "उठते, चहा घेते, टीव्ही बघते. जेवते, पडते, परत टीव्ही." पूर्वीचा दिवस मात्र चांगला रंगला.

लग्न होऊन आल्या त्या तिवंध्याजवळच्या वाड्यात, आणि तिथेच एक्कावन्न वर्षं काढली. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. लाकडी जिना इतका उभा, की धरायला वरून दोर सोडलेला. नळ चौकात, संडासही खालीच. म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा जिना आलाच, त्यातल्या निदान दोन वेळा हातात बादली. देव्हारा जमिनीलगत, पूजेला मांडी घालून बसायचं. भाजी निवडणं, गहू निवडणं, जेवणं, सगळं खाली बसून. भाजी आणायला रविवार कारंजा, बुधवारी गंगेवरचा बाजार. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणाऱ्या नदीला तो मान इथे कुणी नाकारत नाही.) संध्याकाळी सुंदरनारायणाला जाऊन यायचं, वाटेत दोन घरी थांबायचं. आणि महिन्यातून एकदा भिशी. चौदा जणींची भिशी काकू चालवत होत्या: पैसे गोळा करणं, वही लिहिणं, चिठ्ठी काढणं, उशीर करणारीला फोन करणं. व्यायाम हा शब्द त्यांच्या दिवसात कुठेच नव्हता, कारण त्याला जागाच उरलेली नव्हती.

मग यजमान गेले. त्यानंतरच्या पावसाळ्याआधी वाडा धोकादायक असल्याची नोटीस लागली. जुन्या नाशकात पावसाळ्यात वाड्याची भिंत किंवा आख्खा भाग बसल्याची बातमी नवीन नाही, त्यामुळे मुलाने आईला इंदिरानगरला आणलं यात गैर काहीच नव्हतं. एकटीला तिथे ठेवणं वेडेपणाच ठरला असता.

पण फ्लॅटमध्ये आल्यावर काय काय सुटलं ते मोजून पाहा. जिना सुटला, लिफ्ट आली. खाली बसणं सुटलं, सोफा आणि डायनिंग टेबल आलं. देव्हारा भिंतीवर गेला, पूजा उभ्याने दोन मिनिटांत. भांड्यांना बाई, पोळ्यांना मावशी, भाजी मोबाइलवरून. काकू पाणी प्यायला उठल्या तरी नातू धावायचा: "आजी, तू बस, मी देतो." एखादी बाई दिवसात तीस-चाळीस वेळा उठत-बसत असेल आणि एका महिन्यात ते सहा-सात वेळांवर आलं, तर मांडीच्या स्नायूंना ती सक्तीची रजाच. बळ किती झपाट्याने जातं याची घरच्यांना कल्पना नसते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना 10 दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं, तेवढ्यात पायांमधला जवळपास एक किलो स्नायूभार कमी झाला. काकू अंथरुणाला खिळलेल्या नव्हत्या हे खरं, पण त्यांची रजा दोन वर्षांची होती.

तपासणीत काय दिसलं

तीन सोप्या चाचण्या मी घरातच करते. लागतं काय, तर हात नसलेली खुर्ची, घड्याळ आणि तीन मीटरवर लावलेली एक चिकटपट्टी.

हात छातीवर धरून खुर्चीतून 30 सेकंदांत किती वेळा उठता येतं? 70 ते 74 वयाच्या बाईला 10 पेक्षा कमी वेळा जमलं, तर पाय कमजोर समजायचे. काकू पाच वेळा उठल्या, त्यातलं शेवटचं उठणं अर्धवट. दुसरी चाचणी: खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. याला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. काकूंना 19 लागले, आणि वळताना त्यांचा हात नकळत शोकेसकडे गेला. तिसरी, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावून सरळ रेषेत उभं राहणं. 10 सेकंद अपेक्षित असतात. तीन सेकंदांतच मी त्यांना सावरलं.

मग रक्तदाब. घरी रोज मोजायचे, वहीही व्यवस्थित होती, पण प्रत्येक आकडा बसून घेतलेला. मी झोपवून घेतला: 146/82. उभं करून तीन मिनिटांनी: 120/74. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, की मेंदूकडे जाणारं रक्त क्षणभर कमी पडतं आणि माणूस हेलपाटतो. काकूंचा वरचा 26 ने उतरला होता. "उठलं की डोळ्यांपुढे काजवे येतात का?" असं विचारल्यावर म्हणाल्या, "येतात की. पण ते वयाचं असेल ना?"

वयाचं असेल, हे उत्तर आमच्या व्यवसायात सगळ्यात महाग पडतं. घरच्यांनाही ते पटतं, पेशंटलाही पटतं, आणि मग पुढे कुणी काही शोधत नाही.

त्या रात्रीची साखळी

पाय घसरला म्हणून पडल्या, असं सगळे म्हणत होते. पायपुसणं सरकलं हे खरंच, पण तो साखळीतला शेवटचा दुवा. आधीचे दुवे गोळ्यांच्या डबीत सापडले.

मुलगा संध्याकाळी घरी आल्यावर आईच्या गोळ्या स्वतः द्यायचा, म्हणून सकाळच्या-संध्याकाळच्या बहुतेक गोळ्या रात्रीच्या जेवणानंतर एकदम घेतल्या जायच्या. त्यातली रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी होती. त्यामुळे रात्री दोन-तीनदा उठणं आलं. उठावं लागू नये म्हणून काकू दुपारी चारनंतर पाणी प्यायच्या नाहीत; नाशकातला एप्रिल आणि चारनंतर पाणी बंद! अंगात पाणी कमी, त्यावर गोळी, की उभं राहिल्यावर रक्तदाब आणखी खाली. शिवाय यजमान गेल्यावर सुरू झालेली झोपेची गोळी, अल्प्राझोलाम. ती काही आठवड्यांपुरती होती. तिसरं वर्ष लागलं तरी चालूच. या जातीच्या गोळ्या ज्येष्ठांनी शक्यतो टाळाव्यात असं अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना आपल्या यादीत वर्षानुवर्षं सांगते आहे, कारण त्यांनी तोल जातो, बुद्धीवर झापड येते आणि पडण्याचं प्रमाण वाढतं.

म्हणजे रात्री अडीच वाजता, गुंगीत, कोरड्या अंगाने, उतरलेल्या रक्तदाबावर, कमजोर पायांनी, दिवा न लावता ("पोरांची झोपमोड नको") काकू उठल्या. पायपुसण्याने फक्त निमित्त पुरवलं.

आणखी एक गोष्ट होती. तळपायांना मुंग्या येत होत्या, डोळे मिटून उभं केलं की डोलत होत्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन दहा वर्षांवर चालू, आहार शाकाहारी. अशा माणसाचं बी 12 जीवनसत्त्व कमी निघण्याची शक्यता मोठी असते, आणि ते कमी असलं की पाय जमिनीवर नेमका कसा पडलाय ही जाणीवच बोथट होते. मी डॉक्टरांना सगळं लिहून कळवलं. तपासणीत बी 12 बरंच कमी निघालं आणि इंजेक्शनं सुरू झाली. रक्तदाबाची गोळी आधी सकाळवर आणली, मग बदलली. झोपेची गोळी एकदम बंद केली नाही. ती अचानक थांबवली तर झोप आणि जीव दोन्ही बेचैन होतात, कधी त्याहून वाईट काही होतं; डॉक्टर सांगतील तसं हळूहळूच खाली यावं लागतं. हे ठळक सांगते, कारण असं काही वाचलं की लोक त्याच रात्री पाकीट फेकून देतात.

दूधपोळी

आहाराबद्दल सून म्हणाली, "खातात व्यवस्थित." काकूंना काय काय ते विचारलं. सकाळी चहा-टोस्ट, अकराला दीड पोळी, भाजी, थोडं वरण, चारला चहा-बिस्किट, रात्री दूधपोळी. प्रथिनांचा अंदाज काढला तर जेमतेम तीस ग्रॅम. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम लागतात. ज्येष्ठांना स्नायू टिकवायला 1 ते 1.2 ग्रॅम हवेत असं तज्ज्ञगट सांगतात. म्हणजे काकूंना पन्नास ते साठ. मूत्रपिंड ठीक आहेत ना, हे मधुमेह्याच्या बाबतीत आधी पाहावं लागतं. ते रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिले.

मी उसळ सुचवली. मिसळीच्या गावात मटकी काही शिकवावी लागत नाही. काकू हो म्हणाल्या, पण पुढच्या वेळी वाटीत उसळ तशीच. तिसऱ्यांदा त्यांनी पदराआड तोंड करून कवळी काढून दाखवली. खालच्या हिरडीवर लाल चट्टा होता. कवळी सैल झाली होती, चावलं की घासायची. दूधपोळी त्यांना आवडत नव्हतीच. ती चावावी लागत नव्हती, इतकंच. दाताच्या डॉक्टरकडे दोन चकरा झाल्या, कवळी नीट बसली, आणि मग उसळ, दाण्याचा लाडू, रात्रीच्या खिचडीत मुगाची डाळ दुप्पट, सोबत वाटीभर दही असं एकेक मार्गी लागलं. मला आहारतक्ता द्यायची वेळच आली नाही.

व्यायाम बारगळला, कामं लागू पडली

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये 65 च्या पुढच्यांसाठी सांगितलं आहे: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम, दोन किंवा जास्त दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, आणि तीन किंवा जास्त दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारी हालचाल. आपल्याकडे यातलं पहिलंच पोहोचलंय. गोल्फ क्लबच्या मैदानावर किंवा इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे पाहा, सत्तरीचे किती जण झपाझप चालत असतात. त्यातल्या कितींना हात न टेकता जमिनीवरून उठता येतं, हे विचारायला गेलं तर चित्र जरा वेगळं दिसेल. नुसत्या चालण्याने तोल सुधारतोच असं नाही. तोल आणि उठण्या-चालण्यासारख्या रोजच्या हालचालींच्या व्यायामांनी पडण्याचं प्रमाण सुमारे 24 टक्क्यांनी कमी होतं, हा 2019 च्या कॉक्रेन आढाव्याचा (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला) निष्कर्ष आहे, आणि त्यातला भर उभ्याने करायच्या व्यायामांवर आहे. बसल्या बसल्या नाही.

मी काकूंना कागदावर चित्रं काढून दिली: खुर्चीतून उठबैस, ओट्याला धरून टाचा उचलणं, ओट्याच्या कडेने आडवं चालणं, पायाला वाळूची पट्टी बांधून गुडघा सरळ करणं. पहिल्या आठवड्यात झालं. दुसऱ्यात कागद टीव्हीखाली गेला. "अगं, मी काय आता तालमीत जाणारे? एकटीनं खोलीत उठाबशा काढायच्या, वेड्यासारखं वाटतं."

त्यांचं म्हणणं मला पटलं. ज्या बाईने आयुष्यात हालचाल केली ती कशासाठी तरी, तिला निव्वळ हालचालीसाठी हालचाल करायला सांगणं म्हणजे रिकामं जातं फिरवायला सांगणं. म्हणून कामं परत द्यायची असं ठरवलं, आणि इथे खरी वाटाघाट सुरू झाली. अडचण सुनेची होती. ती अंबडच्या एका कंपनीत नोकरी करते, आठला घर सोडते, सासूवर तिचा जीव आहे. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणता ते बरोबर. पण उद्या नणंदा आल्या आणि त्यांनी आईंना पोळ्या लाटताना पाहिलं, तर काय म्हणतील? पडलेल्या म्हातारीला राबवते म्हणतील." हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नसतं, पण आमच्या निम्म्या केसेस याच वळणावर अडतात. शिवाय पोळ्यांच्या मावशींना भीती, की त्यांचं काम जातंय.

तोडगा अगदी साधा निघाला. मी माझ्या लेटरहेडवर औषधासारखं लिहून दिलं: रात्रीची कणीक मळणे व सहा पोळ्या, उभ्याने, ओट्याशी, रोज. कपडे वाळत घालणे, दोरीऐवजी स्टँडवर, वाकून बादलीतून उचलून. सायंकाळी नातवासोबत खाली उतरून गाडीवरून भाजी आणणे. उतरताना लिफ्ट, चढताना पहिला मजला जिन्याने. पूजा चौरंगावर, स्टुलावर बसून. खाली सही, शिक्का. तो कागद फ्रिजवर लागला आणि नणंदांना दाखवायला सुनेला एक आधार मिळाला. सकाळचा स्वयंपाक मावशींकडेच राहिला, पगारही तोच.

पोळ्या हा त्यातला सगळ्यात मोठा व्यायाम ठरला. पंधरा-वीस मिनिटं उभं राहणं, कणकेला हाताचं बळ लावणं. पोळी तव्यावर असेपर्यंत टाचा दहा वेळा वर-खाली, हे मी त्यात घुसवलं. काकूंनी पुढे स्वतःच्या मनाने भर घातली: पोळी उलटताना एका पायावर उभं राहून बघायच्या, दुसरा हात ओट्यावर. नातू मोजायचा. त्या दोघांत त्यावरून पैज लागायची आणि आजी हरली की नातवाला तूप-साखर-पोळी मिळायची. मधुमेहामुळे आजीला मात्र जिंकूनही काही नाही, अशी त्यांची तक्रार होती.

जमिनीवरून उठणं

पडल्या त्या रात्री काकू पहाटेपर्यंत जमिनीवरच होत्या. हाड शाबूत होतं, पण उठता येत नव्हतं आणि हाक मारायचा संकोच. पडण्याइतकंच हे पडून राहणंही घातक: अंग गार पडतं, कातडीवर दाब येतो, आणि मनात जी धास्ती बसते ती पाय धड असूनही माणसाला खुर्चीत बांधून ठेवते. म्हणून पडल्यावर उठायचं कसं, हे मी शिकवतेच.

सतरंजी अंथरली. कुशीवर वळा, कोपरावर या, मग दोन्ही हात-गुडघ्यांवर. काकू तिथेच अडल्या. "मी रांगू? या वयात?" नातू शाळेत होता, दार लावून घेतलं, तेव्हा तयार झाल्या. दुखऱ्या गुडघ्याखाली उशी घेतली. रांगत पलंगापर्यंत, दोन्ही हात पलंगावर, बळकट पाय पुढे टेकवून दाब द्यायचा आणि वळून बसायचं. पहिल्यांदा माझा आधार बराच लागला. तिसऱ्या आठवड्यात माझा हात नुसता पाठीमागे होता. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून विचारलं, "वाड्यातला जिना अजून आहे का गं?"

घरातले बदल पटकन सांगते: पायपुसणं काढलं, पलंग ते बाथरूम वाटेवर रात्रीचा मंद दिवा, कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा, बोटांतून निसटणाऱ्या सपातांऐवजी मागे पट्टा असलेल्या चपला. खर्च फार नाही. इथे एक गोष्ट मात्र खटकते. 70 वर्षांपुढच्या सगळ्यांसाठी ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. चांगली योजना आहे, काकूंचं कार्डही काढून घेतलं. पण ती दवाखान्यात भरती झाल्यावर कामाला येते. खुबा मोडला तर ऑपरेशनचा खर्च निघेल. तो मोडू नये म्हणून लागणारा दांडा, दिवा आणि फिजिओथेरपी यांचा खर्च घरानेच करायचा.

भिशी

इंदिरानगरात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, मुलाने एका ठिकाणी वर्गणीही भरली होती. काकू दोनदा गेल्या. "तिथं सगळे आपापली शुगर सांगतात. आणि मला अर्धं ऐकूच येत नाही."

या दुसऱ्या वाक्याकडे घरात कुणाचं लक्ष नव्हतं. टीव्हीचा आवाज मोठा असतो, याबद्दल मात्र सगळ्यांची तक्रार होती. कान तपासले: मळ निघालाच, पण दोन्ही कानांना मध्यम बहिरेपणही होतं. डिमेन्शियावरच्या (म्हातारपणी स्मरणशक्ती आणि आकलन ढासळण्याच्या आजारावरच्या) लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने 2024 मध्ये टाळता येण्याजोग्या 14 जोखमी सांगितल्या आहेत. ऐकू न येणं त्यात आहे, लोकांपासून तुटणंही आहे, आणि पहिल्याने दुसरं ओढवतं. श्रवणयंत्र घेतलं. ते अंगवळणी पडायला दीड-दोन महिने गेले, आणि या काळात ते अनेकदा डबीतच असायचं. भांड्यांचा आवाज कानात घुसतो म्हणायच्या. दोनदा आवाज जुळवून घेतल्यावर राहिलं.

भिशीची वही त्यांच्या ट्रंकेत होती. चौदाजणींपैकी दोघी गेल्या होत्या, एक पुण्याला मुलीकडे, बाकीच्या जुन्या नाशकातच इकडे तिकडे. भिशी बंद पडली नव्हती, पण वही दुसऱ्या बाईंकडे गेल्यापासून हिशेबात घोळ होता, आणि त्याचे निरोप काकूंपर्यंत येत होते. मी फक्त एवढंच म्हटलं, की घोळ तुम्हीच निस्तरा. त्या आठवड्यात त्यांनी जितके फोन केले तितके गेल्या दोन वर्षांत केले नसतील. आकडे तोंडी जुळवायच्या, कुणाचा हप्ता कधी चुकला ते महिन्यासकट सांगायच्या. मी स्मरणशक्तीची वेगळी चाचणी घेतली ती केवळ नोंदीसाठी.

भिशी फिरती असते, दर महिन्याला वेगळं घर. म्हणजे महिन्यातून एकदा तरी इंदिरानगरातून गावात जाणं आलं. (उपनगरातले लोक अजून जुन्या नाशकाला गावच म्हणतात.) पहिल्या वेळी रिक्षाने, सुनेसोबत. पण काकूंना सिटीलिंकच्या बसने जायचं होतं. बसची पायरी जिन्याच्या पायरीपेक्षा उंच, त्यात चालक थांबणार किती वेळ? मग तेच आमचं पुढचं उद्दिष्ट ठरलं. भिंतीला टेकवलेल्या भक्कम चौरंगावर आधी धरून, मग एका बोटाच्या आधाराने चढ-उतार, हातात पिशवी घेऊन. बसमध्ये माझ्यासोबत गेल्या तेव्हा दांडा धरायला त्यांना सांगावं लागलं नाही. जिन्याच्या दोराची सवय हातात होती.

सध्याची स्थिती

पाच महिन्यांनंतरचे आकडे: 30 सेकंदांत उठबैस पाचवरून नऊ, अजून दहाच्या आतच. उठून-चालून-बसणं 19 सेकंदांवरून 13, तेही धोक्याच्या रेषेच्या किंचित वरच. एका रेषेत उभं राहणं आठ सेकंद. उभं राहिल्यावर रक्तदाब आता 12 ने उतरतो. मुंग्या कमी आहेत, गेलेल्या नाहीत. झोपेची गोळी अर्ध्यावर आली आहे आणि तिथेच अडली आहे. पहाटे तीनला जाग येते ती येतेच, आणि यजमानांबद्दल त्या माझ्याशी एकदाच बोलल्या. त्यासाठी डॉक्टरांनी समुपदेशन सुचवलं, काकूंनी हसून टाळलं. तिथे मला काही करता आलेलं नाही.

गणपतीत एकदा अडखळून बसल्या, स्वयंपाकघरात, नातवाच्या बॅगेत पाय अडकून. कुणाला हाक न मारता रांगत खुर्चीपर्यंत जाऊन उठल्या आणि मला संध्याकाळी फोनवर सांगितलं. मुलाला सांगू नका म्हणाल्या. मी सांगितलं, आणि त्यावरून दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

एकटीने बसने जाण्यावरून घरात मतभेद आहेत. मुलाचं म्हणणं, सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेले, फुटपाथ धड नाहीत, सोबत कुणीतरी हवंच. काकूंचं म्हणणं, सोबत मिळेल तेव्हाच जायचं म्हटलं तर महिनाभर वाट बघावी लागते. त्यांच्या डोक्यात पुढचा बेतही शिजतोय: पंचाहत्तरी पूर्ण झाली की एसटी फुकट, मग येवल्याला बहिणीकडे. 2022 पासूनची ही सवलत त्यांना तारखेसकट पाठ आहे. तूर्त असं ठरलंय, की भिशीला जाताना नातू सोबत, येताना त्यांची मैत्रीण बसमध्ये बसवून देणार आणि मुलगा स्टॉपवर उभा राहणार.

डावा गुडघा मात्र कुरकुर करतो. पोळ्यांना उभं राहणं वीस मिनिटांवर गेलं की सूज येते, म्हणून सध्या सहाच्या चार पोळ्या केल्या आहेत आणि अस्थिरोगतज्ज्ञांचं मत मागवलं आहे. चौरंगाची उंची तशीच ठेवली आहे. पुढची मोजमापं दिवाळीनंतर.